सांभाळणारीला सरकारने कधी पाहिलं?

गंजाडच्या बचत गटांकडून पाड्यापाड्यांवरच्या सगळ्या बायांना, आज्यांना, सुनांना नमस्कार. शाळेतून आल्या आल्या धाकट्या भावाला काखेत घेणाऱ्या पोरींनाही नमस्कार, कारण आजचं बोलणं त्यांच्याबद्दलही आहे.

आपण म्हणतो, तिने सासूचं दुखणं काढलं. हिने नणंदेचं बाळंतपण काढलं. कोणी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची उसाभर करते, कोणी न चालणाऱ्या लेकराला दहा वर्षांचं झालं तरी कडेवर घेऊन फिरते. या कामाला आपल्या बोलीत किती शब्द आहेत बघा. पण ते काम करणाऱ्या बाईला शब्द नाही. सरकारी कागदात आता ‘काळजीवाहक’ आला आहे, पण तो आपल्या तोंडी बसत नाही. म्हणून आम्ही सरळ ‘सांभाळणारी’ म्हणतो. आजारी माणूस, बाळ, म्हातारं माणूस यांच्यासाठी सरकारने काय केलं ते आपल्याला थोडंफार माहीत असतं. पण त्यांना सांभाळणारीच्या पोटाचं, पाठीचं, बुडालेल्या दिवसाचं काय? तिच्याकडे सरकारचं लक्ष कधी गेलं? गटाच्या बैठकांत हा प्रश्न निघाला, म्हणून आम्ही जरा मागे जाऊन पाहिलं.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करावी लागते. तिथे हजारो बाया कामाला होत्या. बाळंतपणाचे दिवस आले की काम सुटायचं आणि मजुरीही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या बायांसाठी विधेयक आलं. आईला विश्रांती दिली तर गिरण्यांना परवडणार नाही, असं म्हणणारे तेव्हाही होतेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या मंडळाचे सभासद होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. आणि आणखी एक गोष्ट मांडली, जी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. लोकांचं भलं जपणं हे मूळ सरकारचं काम आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये कायदा झाला. भारतात अशा प्रकारचा तो पहिला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या काही आठवड्यांसाठी दिवसाला आठ आणे मिळू लागले. पैसे मात्र मालकाने द्यायचे होते. सरकारने स्वतःची थैली काही उघडली नाही.

आपला डहाणू तालुका तेव्हा त्याच मुंबई इलाख्यात होता. पण कायदा कारखान्यांचा होता, आणि आपल्या आज्या-पणज्या कारखान्यात नव्हत्या. त्या जंगलात आणि सावकार-जमीनदाराच्या शेतावर राबत होत्या. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा ‘लग्नगडी’ व्हायचा. कर्ज एकाने घेतलेलं, पण राबायचं दोघांनी. बोलावणं आलं की वेठीला जायचंच. घरात बाळ आहे, म्हातारी तापाने फणफणली आहे, असं सांगायची सोय नव्हती. जिचा दिवसच तिचा नाही, तिच्याकडे सांभाळायला वेळ कुठून येणार? वेठीचा इतिहास सांगताना मार, दंड, दहशत यांबद्दल बोललं जातं, आणि ते खरंच आहे. पण घरी रडत राहिलेल्या तान्ह्या लेकरांचा हिशोबही त्याच वहीत मांडायला हवा.

१९४५ हे साल आपल्या भागासाठी दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी मे महिन्यात तलासरीकडच्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर त्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि माणसं मेली. पण वेठ मोडली, लग्नगडी सुटले. बाईचा दिवस निदान कागदावर तरी तिचा झाला.

त्याच १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. ताराबाईंनी आधी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं होतं. शहरातल्या बालमंदिरासारखं इथे चालणार नाही, हे त्यांना बोर्डीत लवकरच कळलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येतच नव्हती. मग ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो, तो या आपल्या किनाऱ्यावरच्या कामातून आला. आपल्याकडच्या किती जणींना हे माहीत आहे? आम्हाला तरी शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या मधोमध गेलं. तिथे वेगळीच अडचण निघाली. मुलगे गुरांमागे जात आणि मुली घरी थांबत. का थांबत? आई मजुरीला गेली की धाकट्याला कोण बघणार? सात-आठ वर्षांची पोर म्हणजे घरातली सांभाळणारी. तिला नुसतं शाळेत ये म्हणून काय उपयोग? कोसबाडला त्यांनी तिला दोष दिला नाही, आईलाही दिला नाही. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. आणि मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बहिणीने धाकट्याला घेऊन यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं, मधल्याला बालवाडीत सोडावं आणि स्वतः वर्गात बसावं. या सगळ्याला विकासवाडी असं नाव होतं.

आमच्या मते या भागाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ती फार कमी सांगितली जाते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. दोघींची ओळख ‘मुलांसाठी काम करणाऱ्या’ अशीच राहिली. पण पाळणाघराने मोकळी झाली ती बहीण आणि मजुरीला गेलेली आई. शिंपल्या, बिया, काटक्या घेऊन शिकवणं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पाळणा मात्र विसरला गेला.

तो कसा विसरला गेला, ते पुढच्या सरकारी योजनेत दिसतं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास सेवा सुरू झाली, म्हणजे आपली आताची अंगणवाडी. अंगणात जायचा विचार घेतला, नाव घेतलं. पूरक आहार, लस, तपासणी, शाळेआधीचं शिक्षण हे सगळं आलं, आणि त्याने पुष्कळ जीव वाचले. पण अंगणवाडी काही तासांची. बाई सकाळी चिकूवाडीत नाहीतर कंपनीत जाते, ती दिवस मावळताना परत येते. मधल्या वेळेला मूल कोणाकडे? परत त्या सात वर्षांच्या बहिणीकडे नाहीतर आजीकडे. अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये गरोदर बाई आहे, स्तनदा आई आहे, बालक आहे, किशोरी आहे. दिवसभर मूल सांभाळणारी आजी कोणत्याच रकान्यात नाही. बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तोवर सरकारला दिसते. मूल अंगावरून सुटलं की सांभाळणं सुरूच राहतं, पण बाई रजिस्टरमधून जाते.

रोजगार हमीत मात्र थोडं वेगळं घडलं. वि. स. पागे यांनी मांडलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून लागू झाला. खडी फोडायला, बंधारे बांधायला बाया तान्ही मुलं घेऊन येत. झाडाला झोळी बांधायची आणि अर्धा जीव झोळीकडे ठेवून घमेली उचलायची. म्हणून कामावर पाणी आणि सावलीबरोबर मुलं सांभाळण्याचीही सोय असावी, असं आलं. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात ते आणखी स्पष्ट लिहिलं गेलं. कामावर आलेल्या बायांबरोबर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील, तर त्यातल्या एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. नीट ऐका. घमेलं उचलणारीला जसा दाम, तसाच मूल सांभाळणारीला. मूल सांभाळणं हे काम आहे, असं सरकारने इथे कायद्यात लिहून दिलं. हे कलम सगळ्या कामांवर पाळलं जातं का, ते तुम्ही स्वतः कामावर गेलात की बघताच.

आता ‘बुडीत मजुरी’कडे येऊ. हा शब्द आपल्याकडे बऱ्याच जणींना ठाऊक आहे, पण तो कुठून आला ते कोणी सांगत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली. सगळं राज्य हादरलं. त्यानंतर १९९५ पासून आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. आधी सगळा भर मुलावरच होता. मूल दवाखान्यात आणा, वजन करा, औषध द्या. मुलं आणली जायची, पण टिकायची नाहीत. अति कुपोषित मुलाला दोन आठवडे तरी ठेवावं लागतं. आई तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल उचलून घरी निघायची. मग कागदावर शेरा पडायचा, ‘न सांगता गेली’.

ती का गेली? आमच्या ओळखीच्या एका आईचं सांगतो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. ऐन आवणीचे दिवस होते. धाकटं मूल घेऊन ती दवाखान्यात, घरी दोन मुलं आणि म्हातारी सासू. नवरा आवणीला दुसऱ्याच्या शेतावर. मुलाला तिथे दूध-खाऊ मिळत होतं, तिला मिळतंय की नाही हे कोणी पाहत नव्हतं. मुलाच्या ताटात उरलं तर खायचं. पाचव्या दिवशी ती निघाली. तिथल्या एका बाईने तिला म्हटलं, “तुला मुलापेक्षा मजुरी मोठी झाली का?” ती काही बोलली नाही. घरी येऊन आम्हाला म्हणाली, “ताई, मजुरी नाही तर बाकीची दोन काय खातील?”

हे कोड्यासारखं होतं, आणि सरकारला ते हळूहळू उमगलं. मूल वाचवायचं असेल तर आईला तिथे थांबता आलं पाहिजे. ती थांबायची असेल तर तिचा बुडालेला दिवस भरून दिला पाहिजे आणि तिला जेवण दिलं पाहिजे. म्हणून दाखल मुलाबरोबर राहणाऱ्या आईला किंवा सांभाळणाऱ्या माणसाला बुडीत मजुरी आणि जेवण, हे पोषण पुनर्वसन केंद्रांच्या नियमांत आलं. रक्कम मोठी नाही. वेळेवर मिळतेच असंही नाही. तरी ‘बुडीत’ या शब्दाचं वजन बघा. ही मदत किंवा बक्षीस म्हणून दिलेली रक्कम नाही. तुझा दिवस या कामात गेला, त्याचा हा मोबदला, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून तो मागताना खालच्या मानेने मागायचं कारण नाही. दाखल होतानाच विचारायचं, आणि बँकेचं पासबुक बरोबर न्यायचं.

तसाच विचार २०१५ च्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत दिसतो. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस, गरम जेवण. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं नाहीतर केळं. आधी कोरडा शिधा घरी दिला जायचा. घरी नेलेला शिधा बाई एकटी खाईल का? सगळ्यांच्या ताटात वाढून झाल्यावर तिच्या वाट्याला नागलीची कोर आणि पातळ कालवण. अंगणवाडीत बसून जेवली तर ते तिच्याच पोटात जातं. साधीच युक्ती आहे, पण ती सुचायला बाई घरात शेवटी जेवते हे आधी मान्य करावं लागतं.

बाळंतपणाच्या पैशांचा हिशोब मात्र जरा रोखठोक करू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा बाईला किमान ६,००० रुपये लिहिले होते. २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली, ती पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये देते. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात. हे पैसे बाईला विश्रांती घेता यावी म्हणून, बुडणाऱ्या मजुरीचा थोडा भाग भरून यावा म्हणून आहेत. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. ५,००० ला २९७ ने भागा. सतरा दिवससुद्धा पुरे होत नाहीत. आणि त्याच २०१७ मध्ये नोकरदार बायांची पगारी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. म्हणजे १८२ दिवस. त्यांना मिळाली याचा आम्हाला आनंदच आहे. पण ऑफिसातल्या बाईचं अंग १८२ दिवसांनी भरतं आणि वीटभट्टीवरच्या बाईचं सतरा दिवसांत, असं कोणत्या डॉक्टरने सांगितलं?

इथपर्यंत सगळं आई आणि बाळाचं झालं. पण जी सासूचं दुखणं काढते तिचं काय? आमच्याच गटात एक ताई आहे. तिच्या सासूला लकवा मारून पाच वर्षं झाली. उचलणं, धुणं, भरवणं, रात्री कूस बदलणं. ताईची कंबर गेली, गटाच्या बैठकीला ती दाराशीच बसते, हाक आली तर उठता यावं म्हणून. २०१९ मध्ये सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणारी बाई त्यात रोजचे २९९ मिनिटं, म्हणजे पाच तास घालवते, आणि पुरुष ९७ मिनिटं. घरातल्या माणसांना सांभाळण्यात बाईची १३४ मिनिटं जातात, पुरुषाची ७६. आपल्या गंजाडचं नाव जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांनी जगभर नेलं. वारली चित्रांत बाई कांडताना, पाणी आणताना दिसते. सरकारला तेच देशभर मोजायला २०१९ उजाडलं, असं म्हटलं तर फार चुकीचं होणार नाही.

दूर देशातही हे सहज झालेलं नाही. इंग्लंडमध्ये मेरी वेबस्टर नावाच्या धर्मोपदेशिका होत्या. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी त्यांनी १९५४ मध्ये काम सोडलं. आपल्यासारख्या किती जणी आहेत म्हणून त्यांनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, तर पत्रांचा ढीग आला. १९६५ मध्ये त्यांनी संघटना उभी केली. तिच्या रेट्याने १९७६ मध्ये तिथल्या सरकारने सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला. पण लग्न झालेल्या बाईला तो नव्हता. का, तर ती तशीही घरीच असणार! मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या पाड्यावर ऐकल्यासारखं वाटतं ना? शेवटी आईला सांभाळणारी एक विवाहित बाई युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा १९८६ मध्ये ती अट निघाली. दहा वर्षं लागली.

आपल्या देशात केरळने २०१० मध्ये आश्वासकिरणम् योजना आणली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पूर्ण वेळ सांभाळणाऱ्याला त्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम ठरली. रक्कम लहानच आहे, पण ती आजाऱ्याच्या नावाने येत नाही, सांभाळणारीच्या नावाने येते. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आजाऱ्याला मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण ते सांभाळणारीच्या दिवसाचे नाहीत. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे पंचायतीत बोलताना आपल्याला ठामपणे सांगता आलं पाहिजे.

अंगणवाडी ताई, मदतनीस, आशाताई यांचं एवढंच सांगतो. सांभाळण्याचं काम सरकारी झालं तरी त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तोही मागून, भांडून मिळालेला.

आता आपल्या हातातलं. पुढच्या ग्रामसभेसाठी आमच्या गटांनी तीन गोष्टी लिहून काढल्या आहेत, तुम्हीही आपापल्या गावात लिहा. रोजगार हमीचं काम मागताना नमुना ४ गटाने एकत्र भरायचा, आणि सोबतच्या अर्जात लिहायचं की कामावर बरोबर किती लहान मुलं येणार आहेत. पाच झाली की सांभाळणारी बाई कोण, तिचं नाव आपणच सुचवायचं. शक्य तर जिला कमरेमुळे घमेलं उचलवत नाही अशी. दुसरं, आपला भाग पेसाचा आहे आणि पंचायतीला पेसाचा अबंध निधी येतो. आवणीच्या महिनाभरात पाड्यावर एक पाळणाघर चालवायचं झालं तर त्यातून काय करता येईल, हे ग्रामसभेत विचारायचं आणि ठरावात नोंदवून घ्यायचं. तिसरं, अंथरुणाला खिळलेलं किंवा दिव्यांग माणूस ज्या घरात आहे त्या घरांची यादी पाड्याप्रमाणे करायची. त्या यादीत आजाऱ्याच्या नावापुढे आणखी एक रकाना आखायचा, सांभाळणारीचं नाव आणि तिचं वय. आमच्या तीन पाड्यांची यादी झाली आहे. त्या रकान्यात सर्वांत लहान वय नऊ आहे आणि सर्वांत मोठं बहात्तर.